तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर : दोनशे अब्ज आणि दहा अब्ज

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण तुमचा एक मुद्दा वर्मी लागला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : निसर्ग वर्षाला सुमारे २०० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो, माणूस जेमतेम १०, हे मी कार्बनचक्रावरच्या (हवा, झाडं, माती आणि समुद्र यांच्यात कार्बनची होणारी ये-जा) माझ्या लेखातल्या चित्रात दाखवलंच नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइडचा रेणू चार-पाच वर्षांत हवेतून निघून जातो, तरी मी ‘शेकडो वर्षं टिकतो’ असं लिहिलं. आणि कार्बनचक्राच्या नावाने चाललेला विज्ञानप्रसार ही निव्वळ जाहिरात आहे, तो पैसा मोजणीवर खर्चावा.

आकडे बरोबर आहेत. पण तुम्ही फक्त जमेची बाजू वाचलीत. झाडं, माती आणि समुद्र जेवढं सोडतात त्याहून जास्त शोषतात. आपण सोडलेल्यातलाही जवळपास अर्धा भाग तेच रिचवतात. उरतो तो साठत जातो. म्हणून शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा दशलक्षात ३१५च्या आसपास असलेलं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आता ४२०च्या वर गेलं आहे.

‘हा वाढीव कार्बन समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून आला नसेल कशावरून?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. कोळसा कोट्यवधी वर्षं जुना. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार; त्याचं अर्धायुष्य (म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं, त्यामुळे कोळशात तो शिल्लकच नसतो. कोळसा जाळल्यामुळे हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण कमी होत असल्याची खूण शास्त्रज्ञ हान्स स्यूस यांना १९५५ साली झाडांच्या लाकडात सापडली. (पुढे अणुचाचण्यांनी तो हिशोब पार बिघडवला, ती गोष्ट वेगळी.) शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतो आहे. काहीतरी जळतंय, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. ज्वालामुखी ऑक्सिजन खर्चून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत नाही.

रेणूचं म्हणाल तर नोट मोडून सुटे घेतले म्हणून खिशातले पैसे कमी होत नाहीत. एक रेणू समुद्रात जातो, दुसरा वर येतो. रेणू बदलतो, साठा तसाच राहतो; तो उतरायला शतकं लागतात.

पैशाबद्दल एकच सांगतो. १९६४ साली निधी कापला गेला आणि मौना लोआवरची मोजणी काही महिने बंद पडली. तोच आकडा वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा का मोजायचा, हे तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांनाही कुणीतरी समजावून सांगावंच लागतं.

आता माझी चूक. चित्रात मी फक्त धुराड्यातून वर जाणारा बाण काढला, कारण दुहेरी बाणांनी वाचक गोंधळेल असं वाटलं. त्यातून तुमच्यासारख्या जाणकाराला लपवाछपवीचा वास आला, यात नवल नाही. भरीला एका ठिकाणी १० अब्ज टन कार्बन आणि दुसरीकडे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लिहून ठेवलं. दोन्ही एकच, पण तसं कुठेही सांगितलं नव्हतं.

दोन्ही दुरुस्त केलं आहे. प्रमाणात काढल्यावर माणसाचा बाण दोऱ्याएवढा बारीक दिसतो. तो तसाच ठेवला आहे. फक्त त्याच्यासमोर परतीचा बाण नाही.