सायकल ट्रॅक नेमका कुठे संपवावा?

छोट्या गावात चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी मार्ग आखायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. आणि लगेच एक पथ्य सांगतो: आराखडा मंजूर होईपर्यंत गावातून पायी फिरू नका. पायी फिरणाऱ्याला उखडलेल्या फरशा दिसतात, फुटपाथच्या मधोमध उभा असलेला विजेचा खांब दिसतो, आणि मग हे सगळं आराखड्यात घुसतं. पाहणी करावीच लागली तर गाडीतून करा. काच वर असू द्या.

छोट्या गावाची खरी अडचण म्हणजे तिथे सगळंच जवळ असतं. माणूस ताशी ५ किलोमीटर चालतो, सायकल रमतगमत १५ जाते. म्हणजे ३ किलोमीटर लांबीचं गाव सायकलवर १२ मिनिटांत संपतं. हे लोकांना कळू देऊ नका. स्पेनमधल्या पोंतेवेद्राने नेमका हाच अविचार केला. १९९९ पासून तिथे मध्यवस्तीतून गाड्या हटवायला सुरुवात झाली होतीच; वर त्यांनी मेट्रोसारखा दिसणारा नकाशा छापला. स्टेशनांच्या जागी गावातली ठिकाणं, आणि रेघांवर तिथे पायी पोचायला लागणारी मिनिटं. मेट्रो नाहीच! असं उघडउघड सांगितल्यावर गाडी काढायला सबब काय उरणार?

मार्ग कुठून कुठे न्यायचा, यावर फार डोकं शिणवू नका. तळ्याभोवती गोल फिरवा. सुरुवातही पार्किंगपाशी, शेवटही पार्किंगपाशी, म्हणजे सायकल गाडीवर लादून आणता येते. शाळेत, दवाखान्यात, बाजारात जाणारी मंडळी आजही जीव मुठीत धरून का होईना, पोचतातच. त्यांच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही. मोकळ्या जागेतून गवत तुडवत गेलेली एखादी पायवाट दिसली, तर ती लोकांनी तुम्हाला फुकट करून दिलेली पाहणी आहे. तिच्यावर ताबडतोब कुंपण घाला.

नेदरलँड्समधल्या हाउटनचा दाखला कुणीतरी देईलच. तिथे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचं, तर गाडीला आधी बाहेरच्या वळसा-रस्त्यावर जाऊन फेरा मारावा लागतो. सायकल मात्र मधून सरळ जाते. हा दाखला शांतपणे ऐकून घ्या आणि तीच कल्पना उलटी करून वापरा. गाडी सरळ, माणसाला फेरा. पादचारी पूल त्यासाठीच असतो. खालून ट्रक जायचे म्हणून पूल चांगला साडेपाच मीटर उंच बांधावा लागतो. रस्ता ओलांडण्याआधी दोन मजले चढायचे, मग दोन उतरायचे. चाकाची खुर्ची असेल तर? तर अर्ज करावा.

आता मुख्य कौशल्य: चौक. सरळ रस्त्यावर ट्रॅक कुणीही आखेल. सायकलवाल्याला सगळ्यात जास्त धोका चौकात असतो, म्हणून ट्रॅक चौकाच्या अलीकडे संपवायचा. झकास रंगवलेला पट्टा यावा, यावा, आणि वळणाऱ्या गाड्यांच्या तोंडाशी विरून जावा. शेजारी पाटी: ‘सायकलस्वारांनी उतरून चालावे’. पलीकडे पट्टा पुन्हा सुरू करा, म्हणजे मोजपट्टीत लांबी कमी भरत नाही. चौकाचे कोपरे ऐसपैस गोल ठेवा. कोपरा काटकोनी असला की गाडीवाल्याला वेग कमी करावा लागतो, आणि तेवढ्यात त्याला माणूस दिसण्याची भीती असते.

सिग्नलचं गणित तर मजेशीर आहे. बऱ्याच ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. १४ मीटर रुंद रस्ता, म्हणजे १२ सेकंद पुरे. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना साडेसतरा लागतात. बारावा सेकंद संपतो तेव्हा त्या साडेनऊ मीटरवर असतात आणि डाव्या हाताने समोरच्या गाडीला ‘थांब रे बाबा’ करत असतात. आराखड्यात त्या पलीकडे पोचलेल्या आहेत.

वेगाबद्दल थोडक्यात. रस्ते सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने माणसं आणि वाहनं एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे. आपणही पाटी लावू. रस्ता मात्र रुंद आणि नाकासमोर सरळ ठेवा. पाटी वाचायला गाडीवाल्याला वेळ मिळू नये.

ट्रॅकची जागा उभ्या गाड्यांना अगदी खेटून असावी. मोटारीचं दार जवळजवळ मीटरभर उघडतं, ट्रॅक सव्वा मीटरचा. उरलेल्या पाव मीटरात, वीतभर म्हणा, ज्याला सायकल चालवता येते तोच खरा सायकलपटू. बाकीच्यांनी तळ्याभोवती फिरावं.

वर्षभराने मोजणी ठेवा. भर दुपारी, शाळेला सुट्टी असताना, शक्यतो पाऊस पडत असताना. आकडा अपेक्षेप्रमाणे आला की ट्रॅकवर गाड्या उभ्या करायला परवानगी देता येते. वेगळा खर्चही नाही, पांढरा पट्टा आधीचाच चालतो.