बोल्ट बसले म्हणजे सेल्फ बसला असं नाही

थंडी सुरू झाल्यापासून नाशिकच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी तो मला पाठवला आणि तिघांनीही विचारलं, "खरं आहे का हे?" थोडक्यात मजकूर असा: जुन्या गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) गेला तर पार्ट नंबरच्या मागे लागू नका, ती कंपन्यांची लूट आहे. १२ व्होल्टचा आणि बोल्टची भोकं जुळणारा कोणताही सेल्फ चालतो. बेंडिक्सचा (सेल्फच्या टोकाच्या दातेरी भागाचा) एखादा दात कमी-जास्त असला तरी फरक पडत नाही. किलोवॅट जितके जास्त तितकी गाडी थंडीत लवकर उठते. सेल्फ उलटा फिरला तर वायरी अदलाबदल करा. आणि जुना सेल्फ दुरुस्त करण्यात पैसे घालवू नका.

माझं काम ऑटो इलेक्ट्रिकचं. रोज बाकावर एक-दोन सेल्फ खोललेले असतातच. या मजकुरातलं १२ व्होल्टचं तेवढं बरोबर आहे. ट्रकचा २४ व्होल्टचा सेल्फ कारला लावायचा नाही, हे कुणालाही मान्य आहे. बाकीचं एकेक घेतो.

भोकांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. गेल्या जानेवारीत निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार त्यांची जुनी व्हॅन टोचन करून घेऊन आले. गावाकडच्या एका दुकानात त्यांना जुन्या बाजारातला सेल्फ बसवून दिला होता. दोन्ही बोल्ट नीट बसले, गाडीही सुरू झाली. पण पहिल्या दिवसापासून चावी फिरवली की करकर आवाज यायचा. तीन आठवड्यांनी सेल्फ नुसता गरगर फिरायला लागला आणि इंजिन ढिम्म. मी सेल्फ उतरवला आणि त्या भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलवरची (इंजिनच्या जड चाकावरची) दातेरी रिंग पाहिली. एका जागी दातांच्या कडा पार चुरल्या होत्या. त्यांचा मूळ सेल्फ गाडीतच पडलेला होता. दोन्ही शेजारी ठेवून व्हर्निअर (बारीक मापपट्टी) लावला, तर बोल्टच्या फ्लँजपासून (बोल्ट बसतात त्या कडेपासून) पिनिअनच्या, म्हणजे बेंडिक्सच्या दातेरी चाकाच्या, टोकापर्यंतच्या अंतरात जवळपास ३ मिलीमीटरचा फरक निघाला. नवा आखूड होता. त्यामुळे पिनिअन रिंगमध्ये पूर्ण शिरतच नव्हतं, दाताच्या टोकावर सगळा भार येत होता.

हाच फरक उलट्या बाजूने असता, म्हणजे सेल्फचं नाक लांब असतं, तर इंजिन चालू असतानाही पिनिअन रिंगला घासत राहिलं असतं. आरामात असताना पिनिअन आणि रिंग यांच्यात थोडे मिलीमीटरच मोकळे सोडलेले असतात. ती जागा बोल्टची भोकं ठरवत नाहीत, सेल्फच्या नाकाची लांबी ठरवते. शिवाय सेल्फ हाऊसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या कवचात) मध्यावर बसावा म्हणून त्याला गोल खांदा असतो. त्याचा व्यास अर्धा मिलीमीटर कमी असला तरी बोल्ट आवळले जातात, पण सेल्फ एका बाजूला कलून बसतो. हे सगळं बोल्टला कळत नाही.

दातांचं तर साधं गणित आहे. दाताच्या आकाराला मॉड्यूल म्हणतात. समजा मॉड्यूल २.५ आहे. ९ दातांच्या पिनिअनचा पिच व्यास होतो २२.५ मिलीमीटर, ८ दातांचा २०. म्हणजे त्रिज्येत सव्वा मिलीमीटरचा फरक. सेल्फची जागा तर बोल्टने पक्की केलेली, मग तो सव्वा मिलीमीटर जाणार कुठे? एक दात कमी असेल तर पिनिअन रिंगला वरवर लागतं आणि जोर आला की सटकतं. एक जास्त असेल तर रुतून बसतं, सेल्फ सुटत नाही. आणि दातांची संख्या सारखी पण मॉड्यूल वेगळं असेल तर ते दात एकमेकांत बसायलाच तयार होत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेली माणसं नाशिकच्या गल्लीगल्लीत आहेत, दहा-वीस मायक्रॉनसाठी जॉब रिजेक्ट करणारी. तीच माणसं हा मजकूर पुढे पाठवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या इंजिनांचा इथे वेगळा विचार करावा लागतो. त्यांतल्या बऱ्याच इंजिनांवर इनर्शिया पद्धतीचा सेल्फ असायचा. त्याचं पिनिअन स्वतःच्या फिरण्याच्या झटक्याने पुढे सरकतं, आणि सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) सेल्फवर नसून बाजूला गाडीच्या बॉडीवर असतो. नंतरच्या सेल्फमध्ये सोलेनॉइड आधी पिनिअन ढकलतो आणि मग मोटर फिरते. रिंगच्या दातांना ज्या बाजूने पिनिअन शिरतं त्या बाजूने उतार दिलेला असतो. काही इनर्शिया सेल्फमध्ये ती बाजू उलटी असते, म्हणून एका जातीच्या सेल्फच्या जागी दुसरा लावायचा असेल तर रिंगही तपासावी लागते.

इंजिनचा आकडा सारखा म्हणून सेल्फ सारखा, हेही लोक धरून चालतात. मारुती ८०० आणि ओम्नी, दोन्हींत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. पण ८०० मध्ये ते आडवं आणि पुढची चाकं ओढणारं, ओम्नीत सीटखाली उभं आणि मागची चाकं फिरवणारं. गिअरबॉक्सचं हाऊसिंग वेगळं म्हटल्यावर सेल्फही तपासूनच घ्यायचा. झेनचं तर नावच फसवं. पेट्रोल झेनचं इंजिन ९९३ सीसीचं सुझुकीचं, डिझेल झेनचं १५२७ सीसीचं प्यूजोचं. काउंटरवर "झेनचा सेल्फ द्या" एवढंच म्हणाल तर काय हातात येईल याचा भरवसा नाही.

किलोवॅटचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो पसरतो. त्याच इंजिनासाठी बनवलेला गिअर रिडक्शनचा (आत वेग कमी करणारे गिअर असलेला) सेल्फ मिळत असेल तर खुशाल घ्या. तो लहान असतो, हलका असतो, कमी करंटमध्ये जास्त जोर देतो. पण डिझेलचा मोठा सेल्फ छोट्या पेट्रोल गाडीवर चढवला तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तो करंट कुठून देणार? व्होल्टेज खाली बसतं, आणि इग्निशनला (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला) पुरेसा करंट न मिळाल्याने इंजिन फिरतं पण पेट घेत नाही.

निफाड-पिंपळगाव भागात पहाटे पारा पार उतरतो तेव्हा गाडी उठत नाही, हे खरं. पण त्या वेळी ऑइल घट्ट झालेलं असतं आणि बॅटरीची ताकद घटलेली असते. माझ्याकडे "सेल्फ गेला" म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत दोष इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या अर्थिंगच्या पट्टीत सापडतो. मल्टीमीटर बॅटरीला लावा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर आधी बॅटरी बघा. तिथे ठीक असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावून पुन्हा चावी फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग साफ करा, सेल्फला हातही लावू नका.

वायरी अदलाबदल करण्याचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. जुन्या गाड्यांच्या बहुतेक सेल्फमध्ये कायमच्या चुंबकाऐवजी फील्ड कॉइल (तारेची गुंडाळी) असते. प्लस-मायनस उलटे केले की फील्ड आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग), दोन्हींतला करंट एकदमच उलटतो आणि सेल्फ पूर्वीच्याच दिशेने फिरतो. चुंबकाच्या सेल्फची दिशा बदलते, पण त्याची बॉडीच अर्थ आहे. गाडीवर बसलेल्या सेल्फच्या बॉडीला प्लस दिलं तर सरळ शॉर्ट, केबल लाल होऊन आग लागू शकते. आणि समजा फिरलाच उलटा, तरी बेंडिक्समधला क्लच एकाच दिशेने पकडतो. चुकीच्या दिशेचा सेल्फ दुकानदाराला परत करा, दुसरा उपाय नाही.

मजकुरात नसलेली एक गोष्टही सांगायला हवी, कारण तिच्यापायी लोक दिवसचे दिवस घालवतात. पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या कॉन्टॅक्टवर) चालणाऱ्या काही जुन्या गाड्यांत इग्निशन कॉइलच्या वाटेवर रेझिस्टन्स असतो आणि सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळावं म्हणून सोलेनॉइडवर एक जादा टर्मिनल असतं. नव्या सेल्फवर ते टर्मिनल नसेल तर ती बारीक वायर मोकळी राहते. सेल्फ जोमात फिरतो, इंजिन उठत नाही, आणि मेकॅनिक कार्बुरेटर खोलून बसतो. जुना सेल्फ काढण्याआधी मोबाईलवर प्रत्येक वायरीचा फोटो काढा.

आता दुरुस्ती. कार्बन (आर्मेचरला करंट देणारे ब्रश) झिजलेत, बुश (आर्मेचरचा दांडा फिरतो त्या कड्या) सैल झालेत, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत, बेंडिक्स घसरतंय, हे सगळं बदलता येतं आणि तुमच्या रिंगला जुळणारा सेल्फ तुमच्याच हातात राहतो. आर्मेचर जळलं असेल किंवा बॉडीला तडा गेला असेल तरच मी नवा घ्यायला सांगतो.

त्या बागायतदारांच्या व्हॅनची गिअरबॉक्स उतरवावी लागली. जुनी रिंग काढून नवी तापवून फ्लायव्हीलवर चढवली. आणि त्यांचा मूळ सेल्फ, जो टाकून देण्यासारखा आहे असं त्यांना सांगितलं होतं, तो मी खोलला तेव्हा त्यात फक्त कार्बन संपलेले होते. तोच आज त्या गाडीवर चालतोय.

सेल्फ घ्यायला जाल तेव्हा जुना पिशवीत घालून न्या. बॉडीवरची पट्टी रॉकेलने पुसली की बहुतेक वेळा नंबर वाचता येतो. पट्टी गेली असेल तर दोन्ही सेल्फ काउंटरवर शेजारी ठेवा, दात मोजा, खांद्याचा व्यास आणि फ्लँजपासून पिनिअनपर्यंतचं अंतर मोजा, पिनिअनकडून बघून फिरण्याची दिशा विचारा, टर्मिनल मोजा. आणि नव्या सेल्फवर गाडी आठवडाभर विनाआवाज सुरू होईपर्यंत जुना भंगारात देऊ नका.