सोडायचीच आहे, फक्त पद्धत ठरायचीय

अभिनंदन! तुम्ही सिगारेट सोडायचं ठरवलंत. आता घाई करू नका. घाईघाईत माणसं लग्न ठरवतात, फ्लॅट बुक करतात आणि मग जन्मभर हप्ते फेडत बसतात. सिगारेट सोडणं हा त्याहून नाजूक मामला. गोळ्या घ्यायच्या, गम चघळायचा, दंडाला निकोटिनची पट्टी चिकटवायची, की मनाच्या जोरावर एका दणक्यात सोडायची, याचा नीट अभ्यास व्हायला हवा. आणि अभ्यासाला टपरीसारखी जागा नाही. एक कटिंग सांगा, एक शिलगावा आणि बसा. माझा स्वतःचा अभ्यास अकरा वर्षं चालू आहे, तेव्हा अधिकारवाणीने बोलतो.

सुरुवात निर्धारापासून करा. हा मार्ग फुकट आहे आणि डॉक्टरला तोंड दाखवावं लागत नाही. शिवाय पुरावा घरचाच. प्रत्येक घराण्यात एक काका असतो, ज्याने ऐंशीच्या दशकात कधीतरी एसटीच्या खिडकीतून भरलेलं पाकीट घाटात भिरकावलं आणि पुन्हा म्हणून हात लावला नाही. आमच्या काकांचा घाट वरंधा. तुमच्यांचा आंबा किंवा कसारा असेल. मंगलाष्टकं संपून पंगत बसेपर्यंतच्या वेळात हा प्रसंग सांगायचा असतो. त्याच गाडीतून आणखी चौघांनी पाकिटं फेकली असतील आणि महाडच्या स्टँडवर उतरून नवी घेतली असतील, पण त्यांची गोष्ट पंगतीत कोण सांगणार? कसलीही मदत न घेता सोडणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन ते पाचजण सहा महिने-वर्षभर टिकतात, असं अभ्यासक सांगतात. तुम्ही अर्थातच त्या पाचांतले. मागच्या सहा वेळा नव्हता, पण त्याला कारणं होती. एकदा ऑडिट होतं, एकदा मेव्हण्याचं लग्न होतं, आणि एकदा तर काहीच नव्हतं, त्यामुळे कंटाळा आला होता.

निर्धाराचा तिसरा दिवस मात्र जपा. निकोटिन अंगातून उतरल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट. माझ्या शेवटच्या निर्धाराच्या तिसऱ्या दिवशी मी पाण्याच्या बाटलीचं झाकण सापडेना म्हणून घरात तांडव केलं. झाकण माझ्याच हातात होतं. बायको शांतपणे म्हणाली, "जा, ओढून या एक, पण घरात शांतता हवी." घरच्यांचा असा पाठिंबा असेल तर माणूस कितीही वेळा निर्धार करू शकतो.

हळूहळू कमी करायची पद्धतही बरी. दहाच्या आठ, आठाच्या पाच. हिशेब ठेवताना अर्धी ओढलेली धरायची नाही, मित्राच्या हातातली तर मुळीच नाही. संख्या कमी झाली की प्रत्येक कश आपोआप जरा खोल जातो आणि निकोटिनचा कोटा पुरा होतो. शरीर हुशार असतं. आपण उगाच त्याला कमी लेखतो.

व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बोलायलाही हरकत नाही. लंडनला असलेला भाचा सांगतो की तिथे सरकारच लोकांना सिगारेटऐवजी ते देतं. आपल्याकडे २०१९ पासून विक्रीवर बंदी आहे. म्हणूनच चर्चेला हा सर्वोत्तम पर्याय, कारण तो करून बघायची वेळ येत नाही.

आता निकोटिन गम. औषधाच्या दुकानात दोन मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, म्हणजे फारसा गंभीर नसणार. तो खायची एक पद्धत आत छापलेली असते. हळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. चहा-कॉफी-सरबत पंधरा मिनिटं आधीपासून बंद, कारण तोंड आंबट झालं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. ही पद्धत अजिबात पाळू नका. कागद न वाचता गम पेपरमिंटसारखा कचाकचा चावा आणि वरून गरम चहा ओता. सगळं निकोटिन पोटात जाईल, उचक्या लागतील, घसा जळेल, तल्लफ मात्र तशीच राहील. मग टपरीवर जाहीर करा, "गम-बिम सब झूठ है." या वाक्याला कुणी आव्हान देत नाही, कारण समोरच्यानेही तो तसाच खाल्लेला असतो.

कुणी शहाणा म्हणेल की दिवसाला वीसहून जास्त ओढणाऱ्याला किंवा उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागणाऱ्याला दोनऐवजी चार मिलिग्रॅम लागतो, आणि त्याला चिठ्ठी लागते. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. त्याला उलट विचारा, "गममध्येही शेवटी निकोटिनच ना?" बरोबर आहे. गममध्ये ते एकच रसायन. सिगारेटच्या धुरात सात हजारांच्या वर रसायनं असतात, त्यांतली सत्तरेक कॅन्सर करणारी. एकाच रसायनासाठी वेगळे पैसे कोण मोजेल?

पण तुमचा खरा कस लागतो गोळ्यांपाशी. डॉक्टर व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी लिहून देतील. तिचं काम समजायला एसटीतला रुमाल आठवा. मेंदूत निकोटिनच्या ठरलेल्या जागा असतात. गोळी आधी जाऊन त्यांवर रुमाल टाकते. जागा धरलेली असल्यामुळे मेंदूला थोडं समाधान मिळतं, आणि मागाहून धापा टाकत आलेल्या निकोटिनला बसायला जागा उरत नाही. ओढली तरी मजा येत नाही. ही गोळी सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी चालू करायची असते, म्हणजे पहिला आठवडा ओढत ओढतच घ्यायची. इतकं समंजस औषध दुसरं नाही. माझा सल्ला, तो पहिला आठवडाच पुन्हा पुन्हा घ्या.

त्याहून उत्तम म्हणजे घेऊच नका, पाकिटातलं पत्रक वाचा. मी वाचलं. टपरीच्या बाकावर, डाव्या हातात पत्रक, उजव्या हातात सिगारेट. आठ घड्या उलगडल्यावर ते पंचांगाएवढं होतं आणि अक्षरं मुंगीएवढी. मळमळ. डोकेदुखी. झोप न लागणं. चित्रविचित्र स्वप्नं. वाचता वाचता माझ्या छातीत धस्स झालं. राख पत्रकावर पडली आणि 'मळमळ' शब्दाच्या जागी भोक पडलं. मी ते फुंकलं, चष्मा वर केला आणि शेजाऱ्याला म्हणालो, "बघा, असली विषं देतात लोकांना."

अभ्यास पुढे न्यायचा असेल तर हेही सांगा की २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीवर मनोविकारांबद्दल काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला होता. इथे थांबा. २०१६ साली आठ हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले, त्यात तसा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही, पट्टी आणि ब्युप्रोपिऑन या दुसऱ्या गोळीपेक्षा हीच जास्त लागू पडली, आणि त्याच वर्षी चौकट काढली गेली, हे बोलायची गरज नाही. २००९ ऐकून लोक मान डोलावतात. २०१६ ऐकायला कुणी थांबत नाही, चहाची सुट्टी संपलेली असते.

आता कुणी खोडसाळपणे विचारेल की सिगारेटच्या पाकिटाची ८५ टक्के जागा इशाऱ्यानेच व्यापलेली असते, त्याचं काय? त्याला सांगा, आपण पाकीट घेतच नाही, सुटी घेतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुट्या विक्रीवर बंदी आणली ती याच कारणाने, की सुटी घेणाऱ्याला इशारा दिसत नाही. सरकारला आपली केवढी काळजी! टपरीवाल्या मामांना बंदीबद्दल विचारलं तर ते बरणीमागून एक काढून देतात.

गोळ्या परवडत नाहीत हा मुद्दाही ठेवणीत असू द्या. कोर्स बारा आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवस. तेवढ्यात दिवसाला आठ आणि एकीला वीस रुपये धरले तर सिगारेटीचे होतात १३,४४०. हा हिशेब कागदावर मांडू नका, तसले आकडे मामांच्या वहीतच शोभतात. माझं त्या वहीत स्वतंत्र पान आहे.

आणि पाकिटावरचा तो सिगारेट सोडायला मदत करणारा नंबर, १८००-११-२३५६. मामांकडचं रिकामं पाकीट उचलून मी कितीदा तो मोठ्याने वाचलाय. फोन फुकट आहे, पलीकडचा माणूस तारीख ठरवायला मदत करतो आणि नंतर उलटा फोन करून चौकशी करतो. हेच तर नको आहे. चौकशी करणारे घरात कमी आहेत का?

सगळ्यांत धोक्याची बातमी शेवटी सांगतो. डॉक्टर मंडळी म्हणतात की औषध आणि समुपदेशन एकत्र घेतलं तर सुटण्याची शक्यता एकेकट्यापेक्षा जास्त. पट्टी लावून वर गमही खाता येतो. म्हणजे गोळी की निर्धार, हा आपला अकरा वर्षांचा वादच ते निकालात काढतात. हे पसरू देऊ नका. वाद मिटला तर टपरीवर बोलायचं काय? क्रिकेट बारा महिने नसतं.

परवा हे सगळं मी नव्याने भरती झालेल्या एका मुलाला समजावत होतो. तो वहीत लिहून घ्यायचाच बाकी होता. मामा कप विसळता विसळता ऐकत होते. म्हणाले, "सर, त्या गोळ्या मी घेतल्या होत्या. दीड वर्ष झालं, बंद आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. दीड वर्ष हा माणूस मला रोज लायटर पुढे करतो.

"बोलला नाहीत कधी?"

"तुम्ही अभ्यासात होता."

"जेवल्यावर घ्यायच्या, भरपूर पाण्याबरोबर, तसंच ना?" मी पत्रकातलं ज्ञान पाजळलं.

"हो. बारा आठवडे. डॉक्टरणबाई फोनपण करायच्या."

"आणि त्रास? खरं सांगा."

"मळमळायचं सुरुवातीला. आणि स्वप्नं पडायची."

मी त्या मुलाला कोपराने ढोसलं. बघ, म्हटलं होतं ना. "चित्रविचित्र?"

"अगदी," मामा कप पालथा घालत म्हणाले. "रोज एकच. तुम्ही उधारी चुकती केलीत."