‘आठ दिवसांत जमतं’ या माझ्या वाक्याबद्दल

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल दुपारी मशीनपाशी बसून पुन्हा वाचली, कारण तुम्ही लिहिलेल्या काही गोष्टी हाताने करून बघितल्याशिवाय उत्तर द्यावंसं वाटेना.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. घरच्या साध्या मशीनवर कापड ताणून धरणारी रिंग लावून भरतकाम कसं करायचं, हा माझा लेख वाचून तुम्ही १५ दिवस रोज बसलात. ३० वर्षं ब्लाउज शिवलेला हात तुमचा. तरी पाच सुया मोडल्या, कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं, आणि वेलीची रेघ कुठे लांबलचक टाक्यांची, तर कुठे एकाच जागी गोळा झालेली निघाली. ‘आठ दिवसांत जमतं असं लिहून तुम्ही बायकांना नादी लावता,’ असं तुम्ही लिहिलंत. शेवटी आणखी एक मुद्दा मांडलात, की खरं भरतकाम हाताचं. मशीनचंच हवं असेल तर कॉम्प्युटरच्या मशीनवर तासाभरात सफाईदार करून मिळतं. मग हा मधलाच उपद्व्याप कशासाठी?

पहिला आरोप मला पूर्ण मान्य आहे. ते वाक्य चुकीचं होतं आणि मी ते लेखातून काढून टाकलंय. लेकीच्या चणियाच्या घेरावर दाखवण्याजोगी वेल काढायला मला स्वतःला आषाढापासून नवरात्रापर्यंतचा वेळ लागला होता, तोही रोज दुपारी तासभर बसून. सात वर्षांनी लेख लिहायला घेतला तेव्हा ते तीन महिने मला आठवले नाहीत. ज्या आठवड्यात हात मोकळा झाला, तेवढाच आठवला. तुमचे १५ दिवस आणि पाच सुया मी तुम्हाला देणं लागते.

आता जाळ्याबद्दल. कापडाखाली गुंता झाला की आपण सगळ्याजणी बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, मागे लागतो. केस काढतो, पुसतो, स्क्रू आवळतो. पण खाली झालेला गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. तुम्ही फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, काढून ठेवलंत आणि रिंग सुईखाली सरकवलीत, इथपर्यंत सगळं माझ्या लेखाप्रमाणे बरोबर केलंत. फूटच नाही, तर फूट खाली करायचा खटका पाडायचा कशाला, असं कोणालाही वाटेल. पण टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्या त्याच खटक्याच्या हुकुमात असतात. शिवण संपल्यावर कापड सहज ओढून काढता यावं, म्हणून खटका वर केला की त्या चकत्या सैल पडतात. खटका वरच राहिला तर दोऱ्याला धरणारं कोणी उरत नाही. सुई तो मोकळेपणी खाली नेते, तो परत वर ओढला जात नाही, आणि प्रत्येक टाक्याचं झुलपं खाली लोंबत राहतं. म्हणून फूट नसलं तरी खटका खाली हवाच. हे मी लेखात लिहिलंच नव्हतं. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं झालंय की वेगळं सांगायची गोष्ट वाटली नाही. चूक माझी.

खटका खाली असूनही थोडा गुंता झाला, तर तो बहुतेक सुरुवातीच्या टाक्यांचा असतो. चाक हाताने एक फेरा फिरवून खालचा दोरा वर ओढून घ्यायचा. दोन्ही टोकं डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, जागच्या जागी दोन-तीन टाके घालायचे आणि मग टोकं कापून पुढे निघायचं. वरचं टेन्शन शिवणापेक्षा किंचित सैल ठेवायचं, म्हणजे गाठ खालच्या अंगाला जाते आणि वर फक्त वरचा रेशमी दोरा दिसतो. याहून जास्त काही नाही.

सुयांचं प्रकरण मात्र मोठं आहे, कारण तिथे तुमची ३० वर्षांची सवयच आड येते.

शिवताना टाक्याची लांबी सुईखालच्या पत्र्यातले दाते ठरवतात. कापड किती सरकणार हे त्यांच्या हातात असतं. आपला हात फक्त दिशा देतो आणि फार तर मागून हलकं ओढतो. भरतकामाला बसताना आपण दाते खाली पाडतो. काही मशीनला त्यासाठी पत्र्याखाली स्क्रू असतो. ज्याला तो नसेल, त्यात टाक्याच्या लांबीचा काटा शून्यावर आणायचा, म्हणजे दाते वरखाली हलतात पण कापड पुढे नेत नाहीत. अशा वेळी टाक्याची लांबी ठरवण्याचं काम तुमच्या हातावर येतं, आणि त्या हाताने आयुष्यात ते कधीच केलेलं नसतं. तो जुन्या सवयीने ओढतो. सुई कापडात असताना रिंग ओढली गेली की सुई वाकते, टोक पत्र्याच्या भोकाऐवजी काठावर आपटतं आणि मोडतं. शिवणात तरबेज असलेल्या बायकांच्या सुया नवशिक्यांपेक्षा जास्त मोडतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नवशिकीच्या हाताला ओढायची सवयच नसते.

मला हे ज्यांनी शिकवलं त्या मावशी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात राहायच्या. माझ्या तिसऱ्या सुईनंतर त्यांनी मशीन बंद करायला लावलं, आणि मला अंगणात नेऊन रांगोळीचा डबा हातात दिला. म्हणाल्या, एक लांब रेघ काढ. काढली. मग विचारलं, रेघ कुठे जाड झाली? जिथे हात रेंगाळला तिथे. कुठे तुटली? जिथे हात पळाला तिथे. चिमटीतून रांगोळी तर सारखीच पडत होती. ‘मशीन म्हणजे तुझी चिमूट,’ म्हणाल्या, ‘ती सारखीच पडत राहणार. रेघ हाताची.’ तुमच्या वेलीत लांबलचक टाके आणि गोळे एकाच रेघेत का आले, याचं उत्तर यात आहे. पाय एका लयीत चालला होता, हात चालला नव्हता.

हिशोबच मांडायचा तर असा. पायाच्या मशीनचं खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं छोटं चाक साधारण चार वेळा फिरतं, म्हणजे पायडलच्या एका झोक्यात चार टाके. टाका २ मिलिमीटरचा हवा असेल तर त्या एका झोक्यात रिंग ८ मिलिमीटर सरकली पाहिजे. करंगळीच्या नखाएवढं अंतर. इतकं थोडं! आपला हात त्या वेळात सहज दोन इंच जातो. तुम्ही मशीनला मोटर लावली आहे असं लिहिलंय. तिचा पट्टा महिनाभर काढून ठेवा आणि पायाने चालवा, असं मी आग्रहाने सांगेन. जुन्या रेग्युलेटरवर पाय जरा दाबला की मशीन एकदम उसळतं, माणूस दचकतो, आणि दचकलेला हात ओढतोच. फक्त चाक उलटं फिरू देऊ नका, दोरा लगेच तुटतो.

रिंगबद्दलही लेखात मी एका ओळीत उरकलं होतं. सुई तळाला जाऊन वर यायला लागते, त्या क्षणी डोळ्यापाशी दोऱ्याचा बारीकसा फुगा होतो. खालचा दोरा घेऊन फिरणाऱ्या शटलची चोच त्या फुग्यातून जाते, तेव्हा टाका बसतो. कापड सैल असेल तर ते सुईबरोबरच वर उचललं जातं, फुगा होत नाही आणि टाका चुकतो. एरवी कापड दाबून धरायचं काम फूट करतं. ते काढलं की हे काम रिंगचं. म्हणून आतल्या कड्याला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा आणि कापड असं ताणा की टिचकी मारली तर डफासारखं वाजलं पाहिजे. आणि हाताने भरताना रिंग जशी धरतो त्याच्या उलटी ठेवा. कापड खालच्या अंगाला, मशीनच्या पत्र्याला टेकलेलं हवं. सुरुवातीला मांजरपाटाचा दुहेरी तुकडा, १४ नंबरची सुई. जॉर्जेटचं नाव सहा महिने काढू नका, चुण्या पडून जीव हैराण होतो.

आणि वेल तर पहिल्या दिवशी अजिबात नको. वेलीत रेघ चुकली की डोळ्याला खुपते आणि मन खट्टू होतं. त्याऐवजी स्वतःचं नाव लिहा, हात न उचलता, एका अक्षरातून दुसऱ्यात जात. आमच्या बडोद्याच्या जुन्या दफ्तरांत मोडीचे कागद आहेत. त्यांत लेखणी शक्यतो न उचलता ओळ पुढे जाते. तशी ओळ दोऱ्याने काढायची. मी ‘श्रीराम’ लिहून अडीच मीटर मांजरपाट भरला होता. पहिल्या हातभर कापडावर एकही ‘श्री’ वाचता येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगायलाच हवं. फूट नसताना सुई उघडी असते. बोटं रिंगच्या कडेवर ठेवायची, आत कधीच न्यायची नाहीत, आणि रिंग काढता-घालताना पाय पायडलवरून खाली. भीती वाटत असेल तर रफूचं स्प्रिंगवालं फूट मिळतं. ते टाक्याच्या वेळी कापड दाबतं आणि मग सोडतं. ते लावून शिकण्यात काहीही कमीपणा नाही. घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन तेच लावा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हे भरतकाम आहे की नाही. इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

हाताच्या कामाची जागा हे घेतं असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास बसऱ्याच्या मोत्यांनी जी चादर भरून घेतली, जिचा २००९ मध्ये दोह्याला लिलाव झाला, तसलं काम कुठल्याही मशीनवर होणार नाही. इतकं लांब कशाला, कच्छच्या मोची भरतातली साधी साखळीसुद्धा आपल्या मशीनवर निघत नाही. साखळी एका दोऱ्याची, त्याच दोऱ्याचा फास त्याच दोऱ्यात. आपल्या मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, वरचा आणि खालचा एकमेकांत अडकणारा. जात वेगळी आहे.

पण म्हणून हे कॉम्प्युटरच्या कामात जमा होत नाही. तिथे नक्षी आधीच भरलेली असते आणि रिंगही मोटर हलवते. माणूस दोरा बदलतो आणि लक्ष ठेवतो. नवरात्राच्या आधी मंगळ बाजारात चक्कर मारली तर एकासारखे एक वीस मोर टांगलेले दिसतात. त्या मेहनतीला मी नावं ठेवत नाही. घरं चालतात त्यावर. माझ्या रिंगमध्ये मात्र मोराची मान कुठे वळणार हे त्या क्षणी माझं मनगट ठरवतं, आणि दुसऱ्या मोराची मान तशी वळत नाही. टाका मशीनचा, हे खरं. पण रेघ माझी आहे. वहीवरचं अक्षर पेनाचं मानायचं की लिहिणाऱ्याचं?

मागच्या वर्षी आईची एक सुती साडी दाराच्या खिळ्याला अडकून फाटली. पदराजवळच, तिरकी, चार बोटं. दोन ठिकाणी विचारलं. एवढ्याशा जागेसाठी कोणी मशीन लावायला तयार होईना, आणि त्यांचंही बरोबर होतं. हाताने रफू करून पाहिलं तर विरलेलं कापड सुईच्या ओढीने आणखी सुटायला लागलं. मग खाली मलमलचा तुकडा ठेवला, रिंगमध्ये अगदी हलक्या हाताने ताणलं, आणि साडीच्याच रंगाच्या साध्या दोऱ्याने आधी फाटलेल्या कडांवरून मागे-पुढे, मागे-पुढे बारीक टाके घातले. सुया दोन बदलल्या, शेवटी ११ नंबरची चालली. कडा धरून राहिल्यावर त्यावर पाच पानांची एक डहाळी काढली, मुद्दाम तिरकी, फाटलं होतं त्याच रेषेवरून जाणारी. दीड तास गेला. आईने पदर उलटा करून बघितला, अंगठा फिरवला, आणि संध्याकाळी तीच साडी नेसून देवळात गेली. हाताने ते टिकलं नसतं, कॉम्प्युटरवर कोणी केलं नसतं. तुम्ही ज्याला मधलाच उपद्व्याप म्हणता, त्याची जागा ही अशी मधलीच आहे. मला ती फार प्रिय आहे.

तुम्ही सोडून द्यायचं म्हणताय. तो निर्णय तुमचा. पण चुकीच्या लेखावरून १५ दिवस केलेल्या कामाने तो ठरू नये, एवढीच विनंती. मशीन तेच ठेवा. पट्टा काढा, खटका खाली करा, मांजरपाट घ्या, आणि चार दिवस फक्त स्वतःचं नाव लिहा. मग त्या तुकड्याचा एक फोटो इथे टाका. सुलटी बाजू नको, उलटी दाखवा. खालच्या अंगाला वरचं रेशीम किती उतरलंय ते बघून टेन्शन कुठे न्यायचं हे मी तुम्हाला नक्की सांगू शकेन.