कळविण्यास अत्यंत आनंद होतो की

पदवीचे प्रमाणपत्र हाती पडले म्हणजे विद्यापीठाशी आपला संबंध संपला, असा आपला समज असल्यास तो वेळीच दूर झालेला बरा. शिकत असताना विद्यापीठाला आपला परीक्षा-क्रमांक तेवढा ठाऊक होता. आता त्याला आपले नाव, हुद्दा, कंपनी आणि जमल्यास वार्षिक उत्पन्न असे सगळेच जाणून घ्यायचे असते. माजी विद्यार्थ्यांच्या मुखपत्रात शेवटच्या पानांवर, उत्तीर्ण झाल्याच्या वर्षानुसार, कोण कुठवर पोचले याच्या चार-चार ओळींच्या नोंदी छापल्या जातात. त्या पानांवर आपले नाव झळकावे अशी इच्छा पुष्कळांना असते, परंतु नोंद लिहिण्याचे शास्त्र अवगत नसल्यामुळे अनेकांच्या हातून खरी हकीकत लिहिली जाते आणि मग संपादकांना ती दुरुस्त करत बसावे लागते. ही गैरसोय टळावी एवढ्याच हेतूने हे मार्गदर्शन केले आहे.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की या पानांवर माणूस फक्त वर चढतो. बढती तर तो घेतोच, पण बदली झाली तरी 'नव्या विभागाची धुरा' सांभाळतो. आपली नोकरी गेली असेल तर 'सध्या स्वतंत्र सल्लागार म्हणून कार्यरत' असे लिहावे. सल्ला मागायला कोण येते, हे विचारण्याची इथे पद्धत नाही. स्वतः काढलेली कंपनी बुडाली असेल तर तिचा उल्लेख न करता पुढच्या कंपनीचे 'संस्थापक' व्हावे. 'निवड झाली', 'नियुक्ती झाली', 'गौरवण्यात आले' यांपलीकडे जाऊ नये, कारण 'मी अर्ज केला' असे एकदा लिहून गेलात की तो कितवा अर्ज होता, ही शंका वाचकाच्या मनात आलीच म्हणून समजा. हुद्दा संपूर्ण लिहावा, मात्र त्याचा अर्थ सांगू नये. मोठ्या गुंतवणूक बँकांमध्ये व्हाइस प्रेसिडेंट हा मधल्या फळीतला हुद्दा असतो आणि एकाच बँकेत असे व्हाइस प्रेसिडेंट शेकड्यांनी असतात, हे त्या क्षेत्रातल्या मंडळींना पक्के ठाऊक असते. वसतिगृहात आपल्या खोलीत राहणाऱ्या त्या जुन्या सोबत्याला ते ठाऊक नसते, आणि खरे पाहता नोंद लिहायची असते ती त्याच्यासाठीच.

कोणत्या वर्षी काय कळवावे, याबाबतही नवखे लोक गोंधळतात. त्यांनी अल्बर्ट आइनस्टाइन यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. झुरिचच्या पॉलिटेक्निकमधून ते १९०० साली उत्तीर्ण झाले, परंतु साहाय्यकाची जागा त्यांना कुठल्याही प्राध्यापकाने दिली नाही, आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे तात्पुरत्या शिकवण्यांवर गेली. अर्थात ही दोन वर्षे कळवण्याजोगी नव्हेत. १९०२ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात त्यांची तृतीय श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली. इथे 'तृतीय श्रेणी' गाळून 'तांत्रिक तज्ज्ञ' ठेवले की नोंद उत्तम उतरते. त्यानंतर १९०५ साली त्यांनी प्रकाशाचे पुंज, ब्राउनीय गती, विशिष्ट सापेक्षता आणि वस्तुमान व ऊर्जा यांचा संबंध अशा विषयांवरील शोधनिबंध एकामागून एक प्रसिद्ध केले. पण त्यात ना पगारवाढ होती, ना सत्कार, ना खुर्ची बदलली होती. त्याच सुमारास झुरिच विद्यापीठाची डॉक्टरेट पदरात पडली नसती, तर मुखपत्राच्या दृष्टीने ते वर्ष कोरेच म्हणावे लागले असते. सुदैवाने १९०६ साली त्यांना द्वितीय श्रेणीत बढती मिळाली आणि कळवण्याजोगे काहीतरी घडले. तेव्हा वाचकहो, ज्या वर्षी बढतीची शक्यता नाही त्या वर्षी उगाच फार चांगले काम करून ठेवू नये. ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आपल्या नोंदीची विद्यापीठाला एवढी ओढ का, असा प्रश्न एखाद्या भाबड्या वाचकाला पडेल, म्हणून त्याचाही खुलासा करणे इष्ट. शांघायमधून २००३ सालापासून प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक विद्यापीठांच्या क्रमवारीत, नोबेल पारितोषिक किंवा गणितातले फील्ड्स पदक मिळवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी १० टक्के गुण राखून ठेवलेले आहेत, आणि पदवी जितकी जुनी तितके त्या गुणांचे वजन दशकागणिक घटत जाते. त्यामुळे नोबेल मिळवायचे ठरवलेच असेल तर फार उशीर लावू नये. पदवीला आठ दशके उलटल्यानंतर मिळालेल्या पारितोषिकाने आपल्याला समाधान मिळेल, विद्यापीठाच्या पदरात मात्र किरकोळच काही पडेल. ज्यांना नोबेल जमण्यातले नाही त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या यू. एस. न्यूज या नियतकालिकाच्या महाविद्यालयीन क्रमवारीत देणगी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या टक्केवारीला अनेक वर्षे गुण होते. तिथे रकमेपेक्षा डोकी मोजली जात, म्हणून महाविद्यालये अगदी क्षुल्लक देणगीसुद्धा आग्रहाने मागत असत. २०२३ साली हा निकष वगळण्यात आला. देणग्या मागण्याची पत्रे मात्र वगळली गेली नाहीत, आणि बढतीची नोंद छापून आल्यावर ती नेमक्या कोणाच्या पत्त्यावर जातात, हे आपल्यासारख्या सुज्ञांस सांगणे न लगे.

पदवी पूर्णच न करता आलेल्यांसाठीही या व्यवस्थेत सन्मानाची जागा आहे, फक्त तिचे प्रवेशमूल्य थोडे जास्त आहे. बिल गेट्स यांनी हार्वर्ड अर्धवट सोडले आणि २००७ साली त्याच हार्वर्डने त्यांना मानद पदवी दिली. मार्क झुकरबर्ग यांच्या बाबतीत हाच सोहळा २०१७ साली पार पडला. उरलेल्या, म्हणजे अब्जाधीश न झालेल्या, गळतीच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ गळतीच म्हणते.

आता एक सावधगिरीचा इशारा. माहिती पाठवण्याच्या अर्जावर 'व्यवसाय' आणि 'पुरस्कार' असे रकाने असतात आणि ते भरताना प्रामाणिकपणा आडवा येऊ शकतो. हार्वर्डच्या १९६२ सालच्या तुकडीचा पन्नासाव्या वर्षाचा अहवाल २०१२ साली निघाला. त्यात, टपालाने पाठवलेल्या आणि पेरून ठेवलेल्या बॉम्बांनी तीन माणसांचे प्राण घेणारा आणि कित्येकांना जखमी करणारा थिओडोर कझिन्स्की याचीही नोंद छापली गेली. व्यवसायाच्या जागी 'कैदी' असे होते आणि पुरस्कारांच्या जागी १९९८ साली न्यायालयाने दिलेल्या आठ जन्मठेपा. माजी विद्यार्थी संघाने नंतर दिलगिरी व्यक्त केली, ते योग्यच झाले, कारण ज्यांची माणसे गेली त्यांना ही नोंद वाचून काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. परंतु दिलगिरीच्या पलीकडे एक अडचण शिल्लक राहते, ती अशी की अर्जाची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. रकाने भरलेले होते, वर्ष दिलेले होते, प्रदान करणारी संस्था नमूद होती. यापेक्षा अधिक काही विचारायला तो अर्ज शिकलेलाच नाही.

अपयश कळवावे काय, असेही काहीजण विचारतात. कळवावे, पण आधी यश मिळवून घ्यावे. मेलनी स्टीफन या संशोधिकेने २०१० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात अशी सूचना केली होती की प्रत्येकाने आपल्या फसलेल्या प्रयत्नांचेही एक परिचयपत्र (सीव्ही) ठेवावे. २०१६ साली योहानेस हाउसहोफर या संशोधकांनी तसे परिचयपत्र खरोखरच जाहीर केले. न मिळालेले प्रवेश, न मिळालेल्या नोकऱ्या, नाकारलेले शोधनिबंध, सगळे त्यात होते. आपल्या संपूर्ण संशोधनापेक्षा या कागदाकडेच लोकांचे लक्ष अधिक गेले, हेही त्यांनी त्यात शेवटचे अपयश म्हणून नोंदवले होते. जगाने त्यांची वाखाणणी केली, आणि ती रास्तच होती. पण तेव्हा ते अमेरिकेतल्या नामांकित प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन करत होते. हीच यादी एखाद्या बेकार पदवीधराने पाठवली असती तर तिला परिचयपत्रच म्हटले गेले असते आणि ती तेराव्या कार्यालयातूनही साभार परत आली असती.

राहता राहिले ते लोक, जे काहीच कळवत नाहीत. कुठल्याही तुकडीत बहुसंख्या त्यांचीच असते. कोणी आजारी आईवडिलांसाठी नोकरी सोडलेली असते, कोणी वीस वर्षे एकाच वर्गात एकच धडा न कंटाळता शिकवत असते, कोणाला कामावरून परतल्यावर अर्ज भरण्याचे त्राण नसते. (त्या पानांवर कोणाची नावे नाहीत, हेच मी तरी आधी शोधतो, तुकडीची खरी बातमी तिथे असते, असा माझा अनुभव आहे.) विद्यापीठाच्या दृष्टीने ही मंडळी अत्यंत सोयीची असतात. पदवीधरांच्या सरासरी वेतनाचा आकडा माहितीपुस्तिकेत छापायचा असतो तेव्हा ज्यांनी उत्तर दिले त्यांचीच सरासरी काढली जाते, आणि उत्तर देण्याची हौस कोणाला असते हे वर सविस्तर आलेच आहे. पुस्तिका वाचून नवे विद्यार्थी प्रवेश घेतात, त्या आकड्याच्या खाली राहतात, लाजेने गप्प बसतात आणि अशा रीतीने पुढच्या वर्षीचा आकडा आणखी सुधारतो. तेव्हा आपली परिस्थिती बेताची असल्यास आपण मौन पाळूनही विद्यापीठाची मोठी सेवा करू शकता, आणि तिच्याबद्दल कोणी देणगीही मागणार नाही.

नोंद पाठवण्याचे निश्चित केलेच असेल तर शब्दमर्यादा पाळावी, छायाचित्र दहा वर्षांपूर्वीचे निवडावे आणि मजकूर प्रथमपुरुषी न लिहिता असा लिहावा की तो दुसऱ्याच कोणीतरी, आपल्या नकळत, कौतुकापोटी पाठवला आहे असे भासेल. यशाच्या नोंदींनंतर त्याच मुखपत्रात निधनवार्तांचे पान असते. तिथेही हुद्दा लागतोच. तेवढा मजकूर आत्ताच तयार करून घरच्यांपाशी देऊन ठेवावा, कारण घरचे लोक अशा वेळी स्वभावाबद्दल वगैरे लिहीत बसतात आणि व्हाइस प्रेसिडेंट लिहायचे राहून जाते.