बाळाच्या आतड्याला पीळ पडला, त्यात आईचा दोष नाही

आठवडाभरात सोलापुरातल्या तीन ग्रुपवरून एकच संदेश मला आला. म्हणे, पोटात आतडी सुटी असतात. न्हाऊ घालताना बाळ उलटं धरलं की त्यांना पीळ पडतो. बाळानं हिरवं ओकलं तर ते नुसतं पित्त, पोट चोळून घ्या. आमच्या गल्लीतली एक बाळंतीण तो वाचून ढसाढसा रडली. तिच्या अठरा दिवसांच्या बाळाचं पिळाचंच ऑपरेशन झालंय. म्हणून हे लिहितेय.

आतडी सुटी नसतात. पोटाच्या मागच्या भिंतीपासून मेसेंटरी नावाचा पडदा निघतो. त्याच्या काठाला आतडं असतं, रक्तवाहिन्याही त्यातूनच येतात. साडीच्या निऱ्या आठवा: वर खोचलेल्या वीतभर, खाली मोठा घेर. मोठ्या माणसात मेसेंटरीचं मूळ साधारण 15 सेंटिमीटर आणि काठाला काही मीटर लहान आतडं!

राहिलं उलटं धरणं. पिळाची तयारी गर्भातच झालेली असते. गर्भ राहिल्यापासून 6व्या आठवड्यात आतडं भराभर वाढतं, यकृतही मोठं असतं, पोटात जागा पुरत नाही. आतड्याचा वेढा चक्क नाळेत शिरतो. तिथं तो आपल्या मुख्य रक्तवाहिनीभोवती 90 अंश फिरतो आणि 10व्या आठवड्याच्या सुमारास पोटात परतताना आणखी 180. मग मोठ्या आतड्याच्या दोन्ही उभ्या भागांची मेसेंटरी मागच्या भिंतीला चिकटते, आणि लहान आतड्याच्या मेसेंटरीचं मूळ वर डावीकडून खाली उजवीकडे तिरपं पसरतं. हा लांब पायाच आतड्याला पिळू देत नाही. फिरणं अर्धवट राहिलं, तर साऱ्या निऱ्या चिमटीएवढ्या जागेत खोचल्यासारखं होतं. असं आतडं पाळण्यात गाढ झोपलेल्या बाळाचंही पिळतं. गर्भात हे फिरणं अर्धवट राहतं तेव्हा आईची मळमळसुद्धा थांबलेली नसते, तिनं काय चुकवायचं? (बाळाला गदागदा हलवू नयेच, पण ते मेंदूला इजा होते म्हणून.)

हिरव्या उलटीचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. तान्ह्या बाळाच्या उलटीत पित्त येणं म्हणजे पुढची वाट अडलेली असू शकते. पिळात रक्तवाहिनीही आवळते, काही तासांत आतडं मरू लागतं. चोळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बॉस्टनचे सर्जन विल्यम लॅड यांनी 1936 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया आजही करतात: पीळ सोडवायचा, आतड्यावरून गेलेले पट्टे कापायचे, मेसेंटरीचा पाया रुंद करायचा.

गल्लीतल्या बाळावर हीच झाली. दुपट्यावर मेथीच्या पाण्यासारखा हिरवा डाग दिसला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. घरचे सकाळी बघू म्हणत होते. रिक्षा बोलावली ती आईनंच.