‘मे’ म्हणजे ५० टक्के? असं काही नसतं

इंग्रजी सुधारण्याच्या नावाखाली फिरणारा एक तक्ता तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. शक्यता दाखवणारे इंग्रजी शब्द एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे टक्के: माइट ३०, मे ५०, लाइकली ७०, प्रॉबेब्ली ८०, शुड ९०, मस्ट ९५. आकडे फॉरवर्डगणिक थोडे इकडेतिकडे होतात, थाट तोच. खाली काही ‘सोनेरी नियम’ही असतात. एक्स्पेक्टऐवजी अँटिसिपेट लिहा, भारदस्त वाटतं. होप आणि एक्स्पेक्ट एकच. ‘विल लाइकली’ ही चूक. ‘होपफुली’ने वाक्य सुरू करू नका. एवढं पाठ केलं की ईमेल बिनचूक, असा दावा.

तक्त्यातली क्रमवारी अगदीच खोटी नाही, म्हणून तो खपतो. पण हे शब्द टक्क्यांनी वेगळे होत नाहीत. लिहिणारा कशाच्या आधारावर बोलतोय, त्याला ती गोष्ट हवी आहे की नको, आणि आपल्या बोलण्याची जबाबदारी तो कितपत अंगावर घेतोय, यांनी ते वेगळे होतात.

‘मस्ट ९५, शुड ९०’

मस्ट हा अंदाजाचा शब्द आहे, पण उद्याच्या अंदाजाचा नाही. खोलीत दिवा चालू आहे, आतून आवाज येतोय, तेव्हा ‘ही मस्ट बी इन’. समोरच्या पुराव्यावरून आत्ताबद्दल किंवा होऊन गेलेल्याबद्दल काढलेला तो निष्कर्ष. तेच ‘इट मस्ट रेन टुमॉरो’ लिहिलं की वाचणाऱ्याला ‘उद्या पाऊस पडलाच पाहिजे’ असं ऐकू येतं. ढगांना हुकूम सोडल्यासारखं. भविष्याची एवढी खात्री असेल तर ‘इज बाउंड टू’ किंवा ‘विल ऑलमोस्ट सर्टनली’ लिहावं. नकारात तर मस्ट बहुतेक वेळा मनाई होऊन बसतो, म्हणून ‘तो आत असणं शक्यच नाही’साठी ‘ही कान्ट बी इन’ हेच सरळ.

शुडची गंमत आणखी वेगळी. ‘द पार्सल शुड अराइव्ह बाय मंडे’ म्हणजे सगळं नेहमीसारखं झालं तर सोमवारपर्यंत यायला हरकत नाही. त्यात एक बेत गृहीत असतो, त्यामुळे नको असलेल्या गोष्टीला तो शोभत नाही. ‘द सर्व्हर शुड क्रॅश टुनाइट’ असं सहकाऱ्याला लिहून बघा. तो पाडण्याचा तुमचाच विचार आहे की काय, असं त्याला वाटेल. ९० टक्के खात्री असली तरी इथे ‘इज लाइकली टू क्रॅश’ हवं.

‘मे ५०, माइट ३०’

साध्या होकारार्थी वाक्यात मे आणि माइट यांच्यात फारसा फरक उरलेला नाही. काहींना माइट जरा मिळमिळीत वाटतो, एवढंच. खरा फरक पडतो तो भूतकाळात. ‘द डिले मे हॅव कॉस्ट अस द ऑर्डर’ म्हणजे ऑर्डर गेली असेल, अजून कळलेलं नाही. ऑर्डर गेली नाही, वाचली, हे माहीत असताना ‘जाऊ शकली असती’ म्हणायचं तर तिथे माइट हॅवच लागतो. मे हॅव लिहिलात तर मिळालेल्या ऑर्डरबद्दल साहेब धास्तावून फोन करतील.

नकारात तर तक्ता पार कोलमडतो. होकारात मे आणि कुड जवळजवळ सारखेच. पण ‘इट मे नॉट बी ट्रू’ म्हणजे कदाचित खरं नसेल, आणि ‘इट कुड नॉट बी ट्रू’ म्हणजे खरं असणं शक्यच नाही. एका ‘नॉट’ने हे दोघे दोन टोकांना जातात. हे टक्क्यांत कसं मांडणार?

शिवाय मे परवानगीचाही शब्द आहे. ‘एम्प्लॉईज मे नॉट अटेंड द मीटिंग’ हे सूचनेतलं वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं: कर्मचाऱ्यांना यायला मनाई आहे, किंवा ते कदाचित येणार नाहीत. शक्यताच सांगायची असेल तर ‘माइट नॉट अटेंड’ लिहावं. मनाई असेल तर ‘आर नॉट अलाउड टू’. नियमावली आणि करार लिहिणाऱ्यांनी एवढं एक सांभाळलं तरी पुष्कळ भांडणं टळतील.

‘लाइकली ७०, प्रॉबेब्ली ८०’

शब्दांना आकडे चिकटवण्याचा खटाटोप मोठमोठ्यांनी केलेला आहे. १९५१ साली अमेरिकेच्या सीआयएने एका अहवालात युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असं लिहिलं. म्हणजे नेमकं किती, असं परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याने विचारलं, तेव्हा सीआयएचे शर्मन केंट यांनी साधारण ६५ टक्के असं सांगितलं. विचारणारा चकित झाला. त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंट यांनी तोच अहवाल तयार करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना विचारलं, तर उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. शब्द सगळ्यांनी मिळून मंजूर केला होता, अर्थ मात्र ज्याचा त्याचा! १९६४ मध्ये त्यांनी या विषयावर लेख लिहिला आणि शब्दांना टक्के ठरवून द्यायचा प्रस्ताव मांडला.

आज असे ठरवलेले तक्ते खरोखर वापरात आहेत, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १००. अमेरिकी गुप्तचर खात्यांच्या नियमात ‘लाइकली’ ५५ ते ८० मध्ये बसतो. दोन्हीकडे हे टक्के लिहून ठरवलेले आहेत, म्हणून तिथे चालतात. तुमच्या ईमेलला असा तक्ता जोडलेला नसतो. जिथे आकड्यावरच निर्णय व्हायचा आहे तिथे सरळ आकडा लिहा: ‘अबाउट अ सेव्हन्टी पर्सेंट चान्स’.

‘एक्स्पेक्टऐवजी अँटिसिपेट’

अँटिसिपेटचा ‘एक्स्पेक्ट’ हा अर्थ शब्दकोशांना मान्य आहे, त्यामुळे त्यावरून कुणाला चुकीचं ठरवण्यात अर्थ नाही. पण त्याच्या पोटात आणखी काही आहे: येणार ते ओळखून आधीच हालचाल करणं. ‘शी एक्स्पेक्टेड द क्वेश्चन’ म्हणजे प्रश्न येणार हे तिला वाटत होतं. ‘शी अँटिसिपेटेड द क्वेश्चन’ म्हणजे तिचं उत्तर तयार होतं, असं वाचलं जाऊ शकतं. ग्राहकाला ‘वुई अँटिसिपेटेड द डिले’ कळवलंत तर तो विचारणारच, मग आधी काही केलं का नाही? आणि भारदस्तपणाच्या नादात ‘वुई अँटिसिपेट टू रिसीव्ह’ होतं, ते व्याकरणातच बसत नाही. ‘वुई एक्स्पेक्ट टू रिसीव्ह’ किंवा ‘वुई अँटिसिपेट रिसीव्हिंग’.

‘होप आणि एक्स्पेक्ट एकच’

एक नाहीत. होपमध्ये इच्छा आहे, खात्री नाही; एक्स्पेक्टमध्ये खात्री आहे, इच्छा असेलच असं नाही. म्हणून ‘वुई एक्स्पेक्ट हेवी लॉसेस’ चालतं, होप चालत नाही. वरिष्ठांना ‘आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय बाय मंडे’ लिहिणं म्हणजे त्यांना मुदत घालून देणं. लिहिणाऱ्याच्या मनात नुसती नम्र ‘अपेक्षा’ असते, पण पोहोचतो तो तगादा. विनंती असेल तर ‘कुड यू प्लीज रिप्लाय बाय मंडे’. शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हियरिंग फ्रॉम यू’. ‘टू हियर’ नाही. आणि ‘आय होप यू वुड’ नव्हे, ‘आय होप यू विल’.

‘विल लाइकली’ अमेरिकी इंग्रजीत सर्रास आणि शुद्ध आहे. ब्रिटिश वळण हवं असेल तर ‘इज लाइकली टू’. ‘होपफुली’वरचा आक्षेप असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकनेही, म्हणजे तिच्या लेखननियमांच्या पुस्तकानेही, २०१२ मध्ये सोडून दिला. या दोन नियमांवर याहून जास्त वेळ घालवायला नको.

आपल्याकडून सगळ्यात महाग पडणारी चूक ज्या शब्दात होते, तो डाउट तक्त्यात नाहीच. ‘पेमेंट अडकलंय अशी मला शंका आहे’ हे मनात घोळवत आपण लिहितो, ‘आय डाउट द पेमेंट इज स्टक’. इंग्रजीत याचा अर्थ बरोब्बर उलटा: अडकलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याला म्हणायचं असतं ‘आय सस्पेक्ट द पेमेंट इज स्टक’. पलीकडचा माणूस डाउट वाचतो, निर्धास्त होतो आणि पेमेंट तपासायचं सोडून देतो.